पांढऱ्यावर चौथा हात

हितेश भगत वाईट मनाचा माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पनवेलच्या एका बँकेत नोकरी, घरी आईवडील, आणि रविवारी सकाळी पद्मजाबाईंच्या गटाबरोबर कुठेतरी बाहेर जाऊन चित्रं काढायची हौस. चार वर्षांत त्याला एक होडी धड काढता आली नव्हती, पण त्याचं त्याला काही नव्हतं. त्या रविवारी करंजाच्या बंदरावर मासळीचा लिलाव आटोपला होता, बायका पाट्या धूत होत्या, आणि पद्मजाबाई घडीच्या स्टुलावर बसून पेस्टल खडूने आभाळाचा शेवटचा पट्टा घासत होत्या. हितेश चहाचा ग्लास घेऊन मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अरे वा मॅडम! दिपिकाचा पिवळा आला की तुमच्या आभाळात!" एवढंच. म्हणाला आणि बिस्किटाचा पुडा शोधायला निघून गेला. पद्मजाबाईंचा हात कागदावरच थांबला. बोटाच्या टोकाला पिवळी भुकटी लागली होती, ती त्यांनी साडीला पुसली. इतक्या वर्षांत कधी साडीला रंग लावून न घेणाऱ्या बाई त्या.

दुपारी त्या घरी आल्या. नवीन पनवेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार उघडलं, पंखा लावला, सकाळचा वरणभात गरम न करताच ताटात घेतला आणि दोन घासांत सरकवून ठेवला. दिपिकाचा पिवळा! म्हणजे रंगांच्या दुकानात आता दिपिका घरत नावाची पेटी मिळायला लागली की काय? ज्या पोरीला खडू धरायला आपण शिकवलं, सातवीत असताना जिची नखं कापायला लावली, तिचा पिवळा. आणि मेल्याने म्हणावं ते कौतुकाने म्हणावं! टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं. पद्मजाबाईंना टोमण्यांची सवय होती, शाळेच्या स्टाफरूममध्ये त्यांनी तीस वर्षं काढली होती. पण हितेशच्या तोंडावर नुसता आनंद होता, आणि तेच त्यांना जास्त लागलं. कारण तो खरं बोलला होता. त्यांनी तो पिवळा घेतलाच होता. चार रविवार दिपिकाच्या मागे उभं राहून, "हं, चालू दे" म्हणत, तो पिवळा ती कशावर घालते आणि किती घालते हे त्यांनी चोरून पाहिलं होतं.

जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्राखाली, दिपिकाचं चित्र पडलेलं होतं. शनिवारी संध्याकाळी ती ते घेऊन आली होती, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, स्कूटीवरून, जासईहून इथपर्यंत एका हाताने धरून. जासईला घर रस्त्यालगत, दिवसरात्र कंटेनरचे ट्रेलर जायचे, घरातल्या भांड्यांवरसुद्धा धुळीचा थर बसायचा. तिथे उघडं पेस्टल ठेवायची सोय नाही. पद्मजाबाईंनीच आपण होऊन म्हटलं होतं, की माझ्याकडे जुनी काचेची फ्रेम आहे, मापात बसेल, मी माउंट कापून बसवून देते. अशा बाबतीत त्या कधी मागे नसायच्या. दिपिका उभ्याउभ्याच म्हणाली, "मॅडम, एक सांगू? याला फिक्सेटिव्हचा फवारा मारू नका. खालच्या थरांना मी मारलंय, आणि पांढरं सगळं नंतर घातलंय. काच येणारच आहे, तर नकोच." मग जरा थांबून म्हणाली, "बाबांना अजून सांगितलं नाहीये मिठाचं आगर बुजवलं ते. डॉक्टर म्हणाले धक्का नको. सारखं विचारतात, मीठ किती पडलं, रास झाकली का. आम्ही हो हो म्हणतो. एकदा चित्रात तरी डोळ्यांनी बघितलं की शांत होतील असं वाटतं." पद्मजाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. "काळजी करू नकोस. मी आहे ना," असंही म्हणाल्या होत्या, आणि म्हणताना त्यांच्या मनात काही नव्हतं. अगदी देवाशप्पथ नव्हतं.

त्यांनी वर्तमानपत्र उचललं. आगर एका शेठचं, पण दिपिकाच्या बापाने, महादेव घरतने, त्यात चाळीस वर्षं मीठ पिकवलं होतं. दिवाळीत त्याला अर्धांगाचा झटका आला आणि तो खाटेवर पडला. एप्रिलमध्ये एका बाजूने डंपर माती ओतायला लागले. दिपिकाने चार रविवार दुसऱ्या बाजूला बसून, उरलेल्या कोंड्या, म्हणजे मिठाचे वाफे, काढल्या होत्या. एका एका कोंडीतलं पाणी निराळं. कुठे गुलाबी, कुठे शिशासारखं, कुठे नुसतं आभाळ पडलेलं. आणि कडेने मीठ. ते मीठ बघताना पद्मजाबाईंना खरोखर डोळे बारीक करावे लागले. मे महिन्यातल्या अकरा वाजताचं मीठ, ज्याच्याकडे बघितलं की माणूस हाताचा आडोसा धरतो, ते त्या हातभर कागदावर होतं. मागे पिवळं आभाळ. हेच आभाळ सातवीच्या वर्गातही होतं. त्या वेळी त्यांनी दिपिकाच्या हातातून ब्रश घेतला होता आणि सगळ्या वर्गासमोर, तिच्या पिवळ्यावरून निळा फिरवला होता. "आभाळ कसं असतं? निळं!" आणि ती शेंबडी पोर, दोन वेण्या, तेलाचा वास, हळूच म्हणाली होती, "मॅडम, आमच्याकडे पिवळंच असतं." वर्ग हसला होता. पद्मजाबाई पण हसल्या होत्या. पन्नासपैकी एकतीस गुण दिले होते. दुसऱ्या दिवशी ती पोर डब्यातून जाडं मीठ घेऊन आली, म्हणाली बाबांनी दिलंय मॅडमसाठी, आणि पद्मजाबाईंनी ते शिपायाला देऊन टाकलं होतं. कुठून कुठून आठवतं हे माणसाला! आज करंजाला आभाळ पिवळंच होतं. ते काल नव्हतं असं नाही, परवा नव्हतं असं नाही. एकसष्ट वर्षं त्या आभाळाखाली काढून त्यांना ते दिसलं नव्हतं, आणि त्या पोरीला बाराव्या वर्षी दिसलं होतं.

गटाची एक रीत होती. चित्र कुणाचंही असो, खडूची भुकटी कागदावर धरून ठेवणारं फिक्सेटिव्ह मारायचं ते मॅडमनीच. सगळे आपापले कागद घेऊन इथे गॅलरीत यायचे, ओळीने उभे राहायचे आणि मॅडम डबा हलवून, हातभर अंतरावरून, डावीकडून उजवीकडे असा एकच हलका हात मारायच्या. कुणाच्या हातून थेंब पडायचे, कुणाच्या हातून डाग यायचे, मॅडमच्या हातून कधी नाही. "मॅडमचा हात!" लोक म्हणायचे. त्या शिकवायच्याही छान. म्हणायच्या, पेस्टलमध्ये उजेड कुठे असतो? कणाकणाच्या मधल्या हवेत. हवा भरून टाकली की उजेड गेला. म्हणून हात हलका, आणि शेवटचं पांढरं असेल तर त्याच्या वाटेलाच जायचं नाही. हे वाक्य त्यांचंच होतं, आणि ते त्यांना फार आवडायचं. त्यांचे यजमान होते तेव्हा नवीन चित्र दाखवलं की चष्मा पुसून बघायचे आणि म्हणायचे, "स्वच्छ आलंय." चांगल्या मनाने म्हणायचे बिचारे. सव्वीस वर्षं स्वच्छ आलंय! एकदा तरी त्यांनी डोळे बारीक करायला हवे होते. एकदा तरी म्हणायला हवं होतं, की अगं, बघवत नाही. ते गेले त्यालाही आता सहा वर्षं झाली, आणि त्यांच्यावर रागवायला पद्मजाबाईंना आज दुपारी सवड मिळाली.

गॅलरीचं दार त्यांनी उघडलं. हवा अशी दमट की अंगावरचं पोलकं पाठीला चिकटलेलं. चित्र त्यांनी स्टँडवर लावलं, नुसतं लांबून बघायला, असं स्वतःला सांगितलं. मग डबा हातात घेतला, तोही नुसता हलवायला. आतली गोळी खडखडली. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं आणि वरून विमान चाललं होतं. त्यांनी हातभर अंतरावरून एक हलका हात मारला. ओलं झाल्याबरोबर सगळं चित्र काळवंडलं, मीठ क्षणात गेलं. काय केलं मी हे! त्या पुढे झाल्या, मागे झाल्या, पदराने वारा घालायला लागल्या. आणि पाच मिनिटांत, वाळता वाळता, मीठ परत आलं. पूर्ण नाही, पण आलं. जरासं मऊ झालं होतं, इतकंच. कुणाला कळलंही नसतं. इथे थांबायला काही हरकत नव्हती. माणसाकडून एखादी चूक होते, ती निस्तरते, आपण देवाचे आभार मानतो आणि पाणी पितो. पद्मजाबाईंनी पाणी प्यायलं. मग त्या परत गॅलरीत आल्या, तर ते मीठ चमकत होतं. त्यांनी एवढं करूनही चमकत होतं! त्यांना त्या चमकण्याचा असा राग आला, की तसा राग त्यांना माणसाचाही कधी आला नव्हता. वर्गात छडी मारावी आणि पोराने रडू नये, तेव्हा येतो तो राग. दुसरा हात त्यांनी जवळून मारला. तिसरा, दुसरा वाळायच्या आत. पांढऱ्यावरून, नेमका पांढऱ्यावरूनच, कोंडीच्या कडेकडेने, बोट दाबून धरून. चौथ्याला हात थरथरला नाही की थेंब पडला नाही. एवढं नीट काम त्यांनी आयुष्यात केलं नसेल. मग स्टुलावर बसून त्या बघत राहिल्या. वाळलं तेव्हा आभाळ मातकट पिवळं राहिलं, पाणी शाईसारखं झालं, आणि कडेने जिथे मीठ होतं तिथे ओलसर करडे पट्टे उरले. चित्र वाईट नव्हतं. व्यवस्थित होतं, नीटनेटकं होतं. एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात लावण्यासारखं होतं. पद्मजाबाईंना त्यात आपला हात दिसला, आणि त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. भूक मात्र लागली. सकाळचा वरणभात त्यांनी गरम करून, वर तूप घालून, सगळा खाल्ला.

बुधवारी दिपिकाची सुट्टी असायची. ती चारच्या सुमारास आली तेव्हा फ्रेम कागदात बांधून, चिकटपट्ट्या लावून तयार होती. "उघडून बघू?" असं ती म्हणताच पद्मजाबाई म्हणाल्या, "आता कशाला, रस्त्याची धूळ जाईल आत. घरीच सोड." त्यांनी मनात एक वाक्य तयार ठेवलं होतं: काचेमुळे जरा दबतं गं. पण दिपिकाने त्यांना अपेक्षित नव्हतं ते विचारलं. "मॅडम, तुम्हीपण चला ना. बाबांना सांगितलंय, मॅडम येणार. आईने शेवया केल्यात." नाही म्हणायला कारण सुचेना. गुडघे म्हणावेत तर आदल्या रविवारी त्या बंदरभर फिरल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर त्यांना जायचंही होतं. दात दुखत असला की जीभ तिथेच जाते, तसं त्यांचं मन तीन दिवस त्या फ्रेमकडे जात होतं. म्हातारा आजारी, त्याला काय कळणार? पोरीला कळलंच, तर ती बोलणार आहे थोडीच. म्हणेल, छान बसवलीत मॅडम. स्कूटीवर मागे बसून, फ्रेम मांडीवर दोन्ही हातांनी धरून, त्या गव्हाण फाट्यावरून जासईला निघाल्या. दिपिका पुढून वाऱ्यात ओरडून सांगत होती, की बाबांनी आज दाढी करून घेतलीय, सकाळपासून दोनदा उशी उंच करायला लावली. पद्मजाबाई "हो का, हो का" म्हणत होत्या. डाव्या हाताला जिथे आगर होतं तिथे आता लाल मातीचं मैदान होतं आणि त्यावर पत्र्याचं कुंपण.

महादेव घरत खिडकीजवळच्या खाटेवर होता. खिडकी रस्त्याच्या बाजूची, आगराकडची नव्हे. उजवी बाजू गेलेली, तोंड एका अंगाला ओढलेलं, पण डोळे असे लख्ख, की पद्मजाबाईंनी नमस्कार करून आपली नजर आधी बाजूला घेतली. गुणाबाई, दिपिकाची आई, हात पुसत आली, "बसा बाई, बसा. तुमच्यामुलं पोरीच्या हाताला कला आली," असं म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. दिपिकाने चिकटपट्ट्या सोडवल्या. कागद बाजूला केला. तिने चित्राकडे पाहिलं आणि ती थांबली. थांबली म्हणजे अगदी थोडी, पायातला काटा काढायला माणूस थांबतो तेवढी. तिने फ्रेम खिडकीच्या उजेडाकडे वळवली, परत सरळ केली. पद्मजाबाईंनी वाक्य काढलं: "काचेमुळे जरा दबतं गं." बापाने डावा हात पुढे केलेलाच होता, तो काही मागे घेत नव्हता. दिपिकाने फ्रेम त्याच्या छातीवर उभी धरली.

महादेवने बराच वेळ पाहिलं. ओठ हलत होते, कोंड्या मोजत असावा. मग त्याचा चेहरा बदलला. "पाऊस पडला काय?" त्याने विचारलं. शब्द जड यायचे, पण कळायचे. दिपिका म्हणाली, "नाय बाबा." "नाय कशी? मीठ विरघललंय. यो बघ. यो सगला कडेचा गेला." त्याचं बोट काचेवरून त्या करड्या पट्ट्यांवर फिरायला लागलं. चाळीस वर्षं ज्याने अवकाळीच्या एका सरीत हंगाम जाताना पाहिले होते, त्याला भिजून गेलेलं मीठ कसं दिसतं हे कुणी शिकवायला नको होतं. "रास झाकली नाय कोनी? आं? मी सांगितलेलं, ढग आला का आधी झाकायचा. आखा हंगाम गेला!" तो उठायला लागला. एका बाजूने उठायला लागला आणि दुसरी बाजू उठेना, खाट करकरली, गुणाबाई आतून धावत आली. "कोन व्हता तिकडं राखायला? मना सांग. कोन व्हता?" दिपिकाने त्याला खांद्याला धरून उशीवर टेकवलं. तिला काहीही सांगता आलं असतं. तिने मान वळवून पद्मजाबाईंकडे पाहिलं, तो सातवीतलाच चेहरा, आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम होत्या, बाबा."

म्हातारा शांत झाला. त्याने पद्मजाबाईंकडे पाहिलं. रागाने नाही, हे फार वाईट झालं. नवीन आलेल्या मजुराने चुकून बांध फोडला, तर जाणता माणूस बघतो तसं, जरा कीव करून पाहिलं. "बाई," तो म्हणाला, "तुमाला येत नव्हता, तं तसं सांगायचा. आमची मानसं आली असती."

आयुष्यभर त्यांना हेच कुणीतरी म्हणेल याची भीती होती. चित्रकलेच्या परीक्षकांनी म्हटलं नाही, यजमानांनी म्हटलं नाही, हितेशनेसुद्धा म्हटलं नाही. आणि हा खाटेवरचा, लाळ गळणारा माणूस किती सहज म्हणाला. पद्मजाबाईंच्या कानशिलात आग झाली. बोलायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बोलायच्या आधी त्यांनी दिपिकाचा चेहरा पाहिला, ती मान हलवून नको नको करत होती तेही पाहिलं, म्हणजे पाहिलं नव्हतं असं त्यांना पुढे कधी म्हणता येणार नव्हतं. "पाऊसबिऊस काही पडला नाही हो," त्या म्हणाल्या, शाळेत म्हणायच्या त्याच खणखणीत आवाजात. "तुमचं आगरच राहिलेलं नाही. महिना झाला बुजवून. पत्रे ठोकलेत. हे सगळे तुमच्याशी खोटं बोलतायत. विचारा हिला."

बाहेरून एक ट्रेलर गेला, मग दुसरा. महादेवने मुलीला विचारलं नाही. बायकोलाही विचारलं नाही. दोघींचे चेहरे पाहिले, आणि छातीवरची फ्रेम डाव्या हाताने उचलून खाटेच्या कडेला ठेवली, हळू, कुणाची तरी वस्तू परत द्यावी तशी. मग तोंड भिंतीकडे केलं. गुणाबाई तोंडात पदर धरून त्याच्या पायाशी बसली. मग भिंतीकडूनच त्याचा आवाज आला, "कोंडी एकपन नाय ठेवली?" दिपिका म्हणाली, "नाय, बाबा." नंतर हाक मारली तरी त्याने तोंड वळवलं नाही, आणि शेवया तशाच राहिल्या.

दिपिका उठली. तिने चहाचा कप पद्मजाबाईंच्या हातात दिला. "घ्या मॅडम, निवेल. मग सोडते तुम्हाला." पद्मजाबाई म्हणाल्या, रिक्षाने जाईन. ती म्हणाली, या वेळेला इकडे रिक्षा नाही मिळत. आवाज अगदी साधा, नेहमीसारखा. पद्मजाबाईंनी चहा प्यायला, सगळा, तळाच्या साखरेपर्यंत, कारण कप ठेवल्यावर काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

परत जाताना मांडीवर काही नव्हतं. फाट्यापर्यंत रस्ता खड्ड्यांचा, दोन्ही बाजूंनी ट्रेलर, त्यांची चाकं स्कूटीच्या डोक्याइतकी उंच. पहिल्याच खड्ड्याला पद्मजाबाई घसरल्या आणि त्यांनी पुढे हात टाकून दिपिकाचा खांदा धरला. तो हुंदक्यांनी गदगदत होता. त्यांनी हात काढून घेतला, तर लगेच मागून हॉर्न आला आणि गाडी डगमगली, आणि त्यांना तो परत धरावा लागला. पनवेल येईपर्यंत धरायला दुसरं काही नव्हतं.